माईचा खोकला

तोंडीलावणं करायच्या दिवशीच माईने नवऱ्याशी बोलणं टाकलं, आणि तेही सकाळच्या चहाच्या आधी. घड्याळजी कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. माई बरण्या पुसत होती. एक बरणी पुसून झाली की ती उजेडात धरायची, नाक मुरडून पुन्हा पुसायची, आणि नवरा उभा होता तिथे नुसती दाराची चौकटच आहे अशा नजरेने पलीकडे बघायची.

"अगं, साखर?" त्यांनी विचारलं.

माईने साखरेचा डबा त्यांच्याकडे सरकवला. बोलत असती तर म्हणाली असती, तुम्हाला साखर घातली काय नि वाळू घातली काय, कळणार आहे थोडंच? आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका तापात घड्याळजींच्या तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. ही गोष्ट त्यांच्याशिवाय एकट्या माईला ठाऊक होती. मुलगा दंतवैद्य, दिवसभर परक्यांच्या तोंडात डोकावायचा, पण सख्ख्या बापाच्या तोंडात काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

"उद्या सांगून टाका," आदल्या दिवशी माई म्हणाली होती. "पोरांसमोर सांगा, मला चव लागत नाही. त्यात लाज कसली?"

"चमचा काढून घेतील माझ्याकडून."

"घेऊ द्यात."

"मग मी काय करू? घड्याळांचं दुकान गेलं. हात थरथरतो म्हणून घरातलं घड्याळसुद्धा आता दुसऱ्याकडे दुरुस्तीला जातं. वर्षातून एक दिवस मला कोणी काही विचारतं. तेवढं तरी राहू दे की."

"राहू द्या. पण यंदा मी खोकणार नाही," माई म्हणाली, आणि सकाळी उठल्यापासून तिने तोंडाला कुलूप लावलं.

आता हे खोकणं काय ते सांगायला हवं. या घराची रीत अशी, की भाज्या भरपूर आणि ताज्या मिळतात त्या दिवसांत एकदा मोठं पातेलं चढतं. कांदा, गाजर, ढोबळी मिरची, कोबी, टोमॅटो, ओंजळभर लाल मिरच्या, आणि सगळ्यांत शेवटी आदल्या दिवशी भिजवून शिजवलेला पांढरा घेवडा. हे तिखट तोंडीलावणं बरण्यांत भरून भावाबहिणीत वाटलं जातं आणि वर्षभर पावाबरोबर, भाताबरोबर, घरात भाजी नसेल तेव्हा नुसतंच खाल्लं जातं. आणि नियम एकच. ढवळणाऱ्याने चाखायचं नाही, चाखणाऱ्याने पातेल्याकडे बघायचं नाही. रंग बघितला की जीभ फितूर होते, असं घड्याळजींचे वडील म्हणायचे. त्यामुळे चाखणारा जरा लांब खुर्ची टाकून चुलीकडे पाठ करून बसतो, चमचा त्याच्या हातात दिला जातो, आणि तो एकच शब्द बोलतो. मीठ. आंबट. तिखट. सगळं जमून आलं की, उतरवा.

चमचा पातेल्यापासून खुर्चीपर्यंत न्यायचा मान माईचा. वाटेत ती फुंकर घालायची. चव गेल्यापासून फुंकर घालता घालता ओठाला लावायची आणि खुर्चीमागे उभी राहून खोकायची. एकदा खोकली की मीठ, दोनदा की आंबट, तीनदा की तिखट, आणि नुसता घसा खाकरला की उतरवा. दोन वर्षं घड्याळजींनी असा घरावर अंमल चालवला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आता माईच खोकणार नसेल तर त्या खुर्चीत बसून करायचं काय, या विचाराने घड्याळजींनी चहात तीन चमचे साखर घातली आणि तो तसाच पिऊन टाकला.

स्वयंपाकघरात सूनबाई गाजरं चिरत होती आणि नणंदबाई तिच्या गाजरांकडे बघत होती. सूनबाई नगरपालिकेत नकाशे काढायची, त्यामुळे तिच्या गाजराचा तुकडा न् तुकडा सारखा होता. नणंदबाई शाळेत खेळाच्या बाई. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचेल असा आवाज त्यांना होता आणि तो त्या घरातही तसाच वापरायच्या.

"गाजर मी किसायचे," त्या म्हणाल्या.

"किसलं की त्याचं पाणी होतं, ताई."

"इतकी वर्षं होत होतं. कोणी तक्रार केली नाही."

सूनबाई गप्प बसली. गप्प बसणं तिला परवडत होतं, कारण तिच्या पदरात एक वाक्य होतं. गेल्या वर्षी शाळेच्या रस्सीखेचीत नणंदबाईंचा हात मुरगळला, तो गळ्यात बांधून त्या बसल्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच पातेल्यावरचा झारा सूनबाईच्या हातात आला. त्या दिवशी सासऱ्यांनी चमचा तोंडात घातला, बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि मग एका शब्दाचा नियम मोडून म्हणाले, "हिच्या हाताला चव आहे." सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्यांनीही ऐकलं असावं. सूनबाईने ते वाक्य वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. माईने रश्शात मीठ कमी आहे म्हटलं, की ती मनातल्या मनात ते वाक्य म्हणायची. आणि यंदा हात बरा होऊनही नणंदबाईंना झारा परत मागता आला नव्हता, तोही त्या वाक्यामुळेच. आज पातेलं फसलं, तर मात्र तो परत जाणार हे सगळ्यांना कळत होतं. सूनबाईला तर आठवडाभर झोप नव्हती.

"तू सांग रे," नणंदबाईंनी भावाला हाक मारली. तो पाव घेऊन नुकताच दारातून आत आला होता. "गाजर किसायचं की चिरायचं?"

डॉक्टरने बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "दोन्ही चांगलं," तो म्हणाला. "दातांना व्यायाम हवा असेल तर चिरलेलं."

"म्हणजे चिरलेलं."

"आणि दात नसतील तर किसलेलं."

"तू लग्नातसुद्धा असंच केलं होतंस," त्याची बायको म्हणाली. "हार कुठला पसंत विचारलं तर दोन्ही म्हणालास."

त्यावर त्याने खिडकी उघडायला जातो म्हणून काढता पाय घेतला. पण खिडकी उघडेना. जुन्या घरात पातेलं परसात चढायचं, वरती उघडं आभाळ. ते घर सोडून या तिसऱ्या मजल्यावर आल्यापासूनचं हे पहिलंच तोंडीलावणं. रंगाऱ्याने घाईघाईत चौकटीवर रंग फासला होता तो खिडकीच्या फटींत मुरून घट्ट बसला होता. डॉक्टरने मूठ मारून बघितली, बटर लावायची सुरी फिरवून बघितली. दाढ काढताना लावतो तेवढा जोर लावला, तेव्हा खिडकीची मूठच त्याच्या हातात आली.

"राहू दे," नणंदबाई म्हणाल्या. "दार उघडं आहे ना."

स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची होती आणि खुर्चीत बाबा. नणंदबाई कोबी निवडायचं निमित्त करून त्यांच्याजवळ जाऊन वाकल्या.

"बाबा, यंदा खरं सांगायचं हं. भिडेखातर काही नको. चांगलं झालं तर चांगलं म्हणा, पण नसेल झालं तर स्पष्ट सांगा."

"मी नेहमीच खरं सांगतो," घड्याळजी म्हणाले.

नणंदबाईंना वाईट काही करायचं नव्हतं. हे त्यांच्याविषयी म्हणायलाच हवं, कारण या घरात याआधी त्यांनी बरंच काही केलंय. त्यांना फक्त त्यांची जागा परत हवी होती. माहेरी आल्यावर खुर्चीत बसवून चहा देतात त्या क्षणी त्यांना आपण पाहुणे झालो असं वाटायचं. झारा हातात असला की तसं वाटत नसे.

तेल तापलं. सूनबाईने कांदा टाकला, लसूण टाकला, भाज्या एकेक करून आत गेल्या. टोमॅटो आटले. थोडं व्हिनेगर, थोडं मीठ. पहिला चमचा भरून तिने माईच्या हातात दिला.

माईने तो घेतला. फुंकर घातली नाही. ओठाला लावला नाही. सरळ जाऊन नवऱ्याच्या हातात दिला आणि मागे येऊन बरण्यांजवळ बसली.

घड्याळजींनी सवयीने चमचा तोंडात रिकामा केला. चव गेली तरी चटका लागतोच. जीभ अशी पोळली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. ओरडणं शक्य नव्हतं, थुंकणं शक्य नव्हतं. त्यांनी तसंच गिळून टाकलं.

"बाबा?" आतून सूनबाईचा आवाज आला. "काय हवं?"

घड्याळजींनी कान टवकारले. मागे काही हालचाल नाही. खोकला नाही. काहीतरी बोलायला तर हवं.

"मिरच्या," ते म्हणाले. "मिरच्या घातल्यास का अजून?"

"आता घालतेय."

"मग त्या घाल. नंतर विचार."

वेळ मारून नेली म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. पण त्या मिरच्या सूनबाईने वेगळ्या तेलात परतून घालायच्या ठरवल्या होत्या, आणि बंद खिडकीच्या त्या खोलीत मिरच्या कडकडीत तेलात पडल्या मात्र, असा खकाणा उठला की डॉक्टर पावाची पिशवी तोंडावर धरून मागे सरला.

माईने खोकायचं नाही असं ठरवलं होतं आणि ठरवलेलं मोडणाऱ्यांतली ती नव्हती. तिने फडकं नाकाला लावलं. श्वास धरला. घशात काहीतरी वळवळायला लागलं तशी तिने मान खाली घातली आणि बरणीच्या बुडाकडे बघत राहिली. मी खोकणार नाही, तिने स्वतःला सांगितलं. हा माझा हट्ट नाही, यांचं म्हातारपण आहे. त्यांनी पोरांना सांगायला हवं, डॉक्टरकडे जायला हवं, घरातच डॉक्टर आहे, दातांचा का होईना. मी किती वर्षं यांची जीभ होऊन उभी राहू? आणि मी नसले तर यांच्यासाठी कोण खोकणार?

आणि मग तिला ठसका लागला. दाबून धरलेला, त्यामुळे तीन तुकड्यांत आला.

दाराबाहेर घड्याळजींचा चेहरा खुलला. माई विरघळली होती. चाळीस वर्षांचा संसार उगाच नाही झाला.

"तिखट," दुसऱ्या चमच्याची वाटही न बघता ते खणखणीत आवाजात म्हणाले.

सूनबाईने हातातल्या मिरच्यांच्या वाटीकडे बघितलं. "अजून?"

"तिखट म्हणालो ना."

रीत म्हणजे रीत. तिने आणखी मूठभर मिरच्या तेलात टाकल्या. खकाणा दुप्पट झाला. माई पुन्हा खोकली, तीनदा, मग आणखी तीनदा.

"तिखट," घड्याळजी म्हणाले. "बरंच तिखट."

नणंदबाईंना सुरुवातीला बरं वाटलं. बाबांना हिचं मिळमिळीत लागतंय, झारा फिरणार. पण सूनबाईने तिसऱ्यांदा मिरच्या घातल्या तेव्हा त्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बाबा, ठीक आहे ना तुमचं? हे सगळं तुम्हीच खाणार आहात का?"

तेवढ्यात त्यांनाही ठसका लागला. डॉक्टरलाही लागला. कोण किती वेळा खोकलं याचा मेळ लावता लावता घड्याळजींच्या नाकी नऊ आले. एकदा, म्हणजे मीठ. नाही, ते डॉक्टरचं. दोनदा, हे माईचं असावं.

"आंबट," ते म्हणाले. मग पुन्हा, "मीठ. थांब. तिखट."

"एकच शब्द, बाबा," आतून डॉक्टर घोगऱ्या आवाजात ओरडला.

"आंबटच," घड्याळजी म्हणाले, कारण तेवढ्यात जिन्यावरून वर येणारं कोणीतरी दोनदा खोकलं होतं.

सूनबाईने व्हिनेगरची बाटली उचलली आणि खाली ठेवली. तिचे हात मिरच्यांनी भाजत होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि तरी तिला एवढं दिसत होतं की पातेलं हातचं गेलंय. वर्षभर पुरवून वापरलेलं वाक्य संपत आलं होतं. तरी तिने व्हिनेगर घातलंच, सासऱ्यांनी सांगितलं म्हणून. गेल्या वर्षी त्यांचं खरं मानलं होतं, यंदाही मानायला हवं होतं.

त्याबरोबर पातेल्यातून असा काही वाफेचा लोट उठला की सगळे एकदमच खोकायला लागले. माई, नणंदबाई, डॉक्टर, सूनबाई, जिन्यातलं ते कोण होतं ते. घड्याळजींनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग त्यांनी आजवर कधीच न केलेली गोष्ट केली. ते खुर्ची वळवून पातेल्याकडे तोंड करून बसले.

चौघंही तोंडाला फडकी लावून उभी होती. माईचे डोळे लाल झाले होते. ती नवऱ्याकडे बघत होती आणि त्या नजरेत राग कमी, काळजीच जास्त होती. हा खोकला माझ्यासाठी नव्हता, हे घड्याळजींना तेव्हा कळलं.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "खरं सांगा. काय कमी आहे?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मला चव लागत नाही," घड्याळजी म्हणाले. "त्या तापापासून. दोन वर्षं झाली."

डॉक्टर पुढे आला, खिशातली छोटी बॅटरी काढली आणि म्हणाला, "आ करा."

"आता आ करून काय होणार?"

"तुमची दाढ मी गेल्याच महिन्यात बघितली."

"दाढच बघितलीस. जिभेकडे लक्ष दे असं तुला कोणी सांगितलं नव्हतं."

"जीभ भाजलेली दिसतेय."

"ते आजचं आहे," घड्याळजी म्हणाले. "ते तुझ्या आईला विचार."

सगळं बाहेर आलं. एक म्हणजे मीठ, दोन म्हणजे आंबट, तीन म्हणजे तिखट. माई एक शब्द बोलली नाही. खोकून खोकून तिचा आवाजच बसला होता. नणंदबाई खाली बसल्या.

"म्हणजे माझं शेवटचं पातेलं," त्या म्हणाल्या, "ते माईने चाखलं होतं?"

"हो."

"आणि त्याच्या आधीची? तेव्हा तुम्हाला चव लागत होती?"

"लागत होती."

"आणि तेव्हा तुम्ही काय म्हणायचात मला?"

घड्याळजींनी आठवायचा प्रयत्न केला. "'चालेल' म्हणायचो वाटतं. मग उतरवा."

"चालेल," नणंदबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. डॉक्टरला हसू आवरेना, त्याने पिशवीत तोंड लपवलं. बहिणीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिलाही हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येतच होतं ते आणखी यायला लागलं.

सूनबाई मात्र हसत नव्हती. तिने झारा पातेल्याच्या काठावर ठेवला, हात पुसले.

"मग गेल्या वर्षीचं ते," ती म्हणाली, "हाताला चव आहे ते. ते उगाचच होतं तर."

ती नणंदेकडे वळली. "ताई, घ्या तुम्ही. मी आपली उगाच वर्षभर फुशारकी मारत होते."

हेच नणंदबाईंना हवं होतं. सकाळपासून, खरं तर वर्षभरापासून. पण झारा समोर आला तेव्हा त्यांना तो घ्यावासा वाटेना. असा घेऊन काय करायचा? चालेल म्हणवून घ्यायला?

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तुझं पातेलं आहे. तू निस्तर."

"उगाच नव्हतं ते," घड्याळजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"गेल्या वर्षी ही खोकलीच नाही," ते माईकडे बोट दाखवत म्हणाले. "मी वाट बघत होतो. फुंकर घातली, चाखलं, आणि मागे गप्प. मी हळूच मान वळवून बघितलं, तर ही परत पातेल्याशी जाऊन आणखी एक चमचा घेऊन खात होती. स्वतःसाठी. मी इतकी वर्षं हिच्याबरोबर जेवतोय, हिने कशाचा दुसरा चमचा घेतलेला मी बघितला नव्हता. मग मी आणखी काय म्हणणार?"

माईने फडकं तोंडावरून काढलं. "भूक लागली होती मला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. नवऱ्याशी दिवसभरातलं हे तिचं पहिलं वाक्य होतं, पण ते कोणी मोजलं नाही. आणि ती बरण्यांकडे वळली.

पुढचा तास सगळे कामाला जुंपले. पातेलं अर्धं दुसऱ्या पातेल्यात काढलं. डॉक्टर खाली जाऊन दुप्पट टोमॅटो आणि कोबी घेऊन आला. घेवड्याची उरलेली सगळी वाटी दोन्हीकडे वाटून गेली. नणंदबाईंनी गाजरं चिरली, किसली नाहीत, आणि त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. घड्याळजी मोरीजवळ बसून उकडलेले टोमॅटो कुस्करत होते. थरथरत्या हातांना तेवढं सहज जमत होतं. खिडकीच्या फटीत डॉक्टरने शेवटी दाताची हत्यारं आणून घातली आणि ती एकदाची उघडली.

मग चाखायचा प्रश्न आला.

"मीच चाखतो," डॉक्टर म्हणाला.

"तू काहीही दिलं तरी दोन्ही चांगलं म्हणशील," त्याची बायको म्हणाली.

"मी?" नणंदबाई म्हणाल्या, आणि स्वतःच मान हलवली. "नको. मी भांडेन."

सगळ्यांनी माईकडे बघितलं. माईला दाराबाहेरची खुर्ची दाखवण्यात आली.

"मी नाही तिथे बसणार," माई म्हणाली. "माझी जीभ रंग बघून फितूर होत नाही."

ती पातेल्याशी आली, चमचा घेतला, फुंकर घालून चाखला. दुसऱ्या पातेल्यातलं चाखलं. माईने घसा साफ करायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटेना. मग ती नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली.

मोरीजवळ बसलेले घड्याळजी ताठ झाले. "मीठ," ते म्हणाले. "दोन्हीकडे. चिमूटभर."

मीठ पडलं. माईने पुन्हा चाखलं, पुन्हा कानाशी वाकली, या वेळी जरा जास्त वेळ.

"उतरवा," घड्याळजी म्हणाले. "आणि ती म्हणतेय, पुढच्या वर्षी पातेलं सूनबाईचंच. मध्ये कोणी बोलायचं नाही. मी तर मुळीच नाही."

"मग तुमचं काम काय?" नणंदबाईंनी विचारलं.

माई पुन्हा वाकली.

"माझं काम हेच," घड्याळजी म्हणाले. "ही सांगेल ते मोठ्याने म्हणायचं. हिचा आवाज बसलाय." आणि ते भिंतीला मागे टेकून बसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

संध्याकाळी बरण्या भरून झाल्या. नणंदबाई आपल्या बरण्या आणि भावाच्या वाट्याची एक जास्तीची घेऊन गेल्या. डॉक्टर त्यांना सोडायला खाली उतरला. घड्याळजींनी उद्या कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते मुलाशी ठरवलं होतं आणि आता पेपर उघडून बसले होते.

सूनबाई मोरीशी उभी राहून हातांवर गार पाणी सोडत होती. मिरच्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत भगभगत होते.

"पाण्याने नाही जायचं ते," माई मागून म्हणाली.

तिने एका भांड्यात थंड दूध ओतून आणलं होतं. सूनबाईला स्टुलावर बसवलं, समोर स्वतः बसली, आणि तिचे दोन्ही हात धरून दुधात बुडवले. स्वतःचे हातही वरून तसेच ठेवले, जणू सोडले तर सूनबाई पळून जाईल.



"माई," सूनबाई म्हणाली, "गेल्या वर्षी आवडलं होतं, तर मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की."

"कधी?"

"त्यांच्या तोंडून," माई म्हणाली. आवाज अजून घोगराच होता. "मी सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, सासू गोड बोलतेय, हिचं काहीतरी काम असणार. त्यांनी सांगितलं म्हणून वर्षभर धरून बसलीस ना?"

सूनबाईला हसू आलं आणि रडूही आलं. तिने हात बाहेर काढून डोळे पुसायला बघितलं, पण माईने हात सोडले नाहीत.

"आणि आता?" तिने विचारलं.

माईने दुधाकडे बघितलं. जे म्हणायचं ते तिने इतक्या वर्षांत कुणालाही स्वतःच्या तोंडाने म्हटलं नव्हतं, आणि आज घसा बसलेला असताना म्हणायची वेळ आली होती.

"चांगला आहे तुझा हात," ती म्हणाली. "आता हलवू नकोस, दूध सांडेल."